साठ टक्के वाळलेला कापूस

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण आजचं हे दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटत नाही. अजून डोळ्यांसमोर आहे: यवतमाळच्या कॉलेजात तुम्ही तर्कशास्त्र शिकवता आहात. विधान खरं असतं किंवा खोटं, तिसरं काही नाही, असं म्हणून तुम्ही मला उठवता आणि खिडकीकडे बोट करता, "बाहेर ऊन आहे का?" मी म्हणते, "थोडं थोडं आहे, सर." वर्ग हसतो. "थोडं खरं बोलणाऱ्याले आपल्याकडे खोटारडा म्हणतात. बस खाली." मी बसले, पण पटलं नव्हतं.

सर, ते थोडं खरं आज संगणकाला कळलं. मी आता त्याच कॉलेजात संगणक शिकवते. तुम्ही फळ्यावर लिहायचात तसे नियम मी प्रोग्रॅममध्ये लिहिले: कापूस वाळला असेल आणि आभाळ उघडं असेल, तर बाजारासाठी गाडी भरावी. उत्तर कसं काढायचं ते सांगावं लागत नाही. नियमाला नियम जोडत प्रोग्रॅम ते स्वतःच शोधतो. फरक एवढाच, की कोणती गोष्ट किती खरी तेही मी लिहिते, आणि निष्कर्ष त्यातल्या सर्वांत कमकुवत गोष्टीइतकाच खरा धरला जातो. आर्णीला शेती करणाऱ्या भावाने फोनवर सांगितलं त्यावरून मी भरलं: कापूस वाळला, साठ टक्के, आभाळ उघडं, नव्वद. उत्तर आलं, गाडी भरावी हे साठ टक्के खरं. मी उठून खोलीत फेऱ्याच मारायला लागले. मग मुद्दाम विचारलं, कापूस वाळला आहे किंवा वाळलेला नाही? तुमच्या वर्गात हे कायम पूर्ण खरं. इथे 'वाळलेला नाही' हे उरलेलं चाळीस, आणि 'किंवा' असलं की दोन्हींतला मोठा आकडा धरायचा, म्हणून तेही साठच. मला हसू आवरेना. तुम्ही टेबलावर डस्टर आपटलं असतं.

भावाला लगेच फोन लावला.

"साठ टक्के म्हणजे काय, ताई? अर्धी गाडी भरू?"

"तसं नाही रे."

"मंग मले हो का नाही तेवढं सांग. ड्रायव्हर उभा हाये. ओला निघाला तं बाजारातून वापस आणा लागते."

"आज नको भरू. अजून पसरून ठेव."

"तुह्या मशीननं सांगतलं?"

"हो."

सर, मशीनने तसं सांगितलं नव्हतं. किती खरं झालं की हो म्हणायचं, तो नियम मी लिहिलेलाच नाही. आता तीच रेघ आखायला बसले आहे. ती आखली की अलीकडे खोटं, पलीकडे खरं. म्हणजे पुन्हा सगळं तुमचंच. ती कुठे आखावी हे मला कळत नाही. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहायचा धीर होतो: तुम्हालाही कळलं असतं, असं मला वाटत नाही.