बावीस एकर आणि काष्टीची लेक

मी, मालनबाई धांडे, वय वर्षे चौसष्ट, राहणार धांडेवस्ती, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चौथी शिकलेली आहे. पोटात गाठ निघाली आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारा माझा मुलगा गहिनीनाथ सकाळपासून ओसरीवर फुगून बसला आहे. बसू दे.

कलम १. मालकांची जमीन व राहते घर त्यांच्या पश्चात गहिनीनाथच्या नावावर झालेच आहे, त्याबद्दल बोलणे नाही. माझी तांब्याची भांडी व दोन शेळ्या सुनेला द्याव्यात. ती माझ्याशी कधी धड बोलली नाही, पण दोन्ही वेळेला ताट वाढले.

कलम २. पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत मालकांनी ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. आमच्या घरी पावसाच्या आधी कायद्याची बातमी यायची. सत्तावन्न साली कुळकायद्याने अकरा एकर कुळाच्या नावावर गेले. तो माणूस वीस वर्षे तिथे राबत होता, त्याला मिळाले हे बरेच झाले. मालकांनी मात्र धसका घेतला. पुढे सरकारला धान्य घालायची लेव्ही आली तेव्हा ज्वारी पेवात लपवली आणि ती तिथेच कुजली. ट्रंक गहिनीनाथने ठेवावी नाहीतर बंबात घालावी.

कलम ३. गट नंबर १८७, बावीस एकर कोरडवाहू, सात-बाऱ्यावर माझे एकटीचे नाव. ती कशी आली ते लिहिते. एकोणसत्तर साली नगरच्या वकिलाने मालकांना सांगितले, जमीन ठेवण्याची सिलिंगची मर्यादा अजून खाली येणार, नवरा-बायको एकात धरणार. आमचे बहात्तर एकर होते. मग कागदावर फारकत घ्यायची आणि पोटगीत बायकोला जमीन द्यायची असे ठरले. पुष्कळांनी केले तसे. मालक म्हणाले, "अगं, कागदावरच हाय. चुलीला काय कळतंय?"

नवरा मारतो, असे मला कोर्टात शपथेवर सांगायचे होते. मालकांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. साहेबांनी विचारले, किती वेळा मारतो? हे वकिलाने पढवले नव्हते. मी मागे वळून मालकांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. मी म्हणाले, रोज. निकाल लागला त्या दिवशी दोघे एकाच एस.टी.ने घरी आलो आणि मी पिठले केले.

पुढे कायदा आला, मर्यादा चौपन्न एकरांची. मालकांच्या नावावर पन्नास होते. एक गुंठाही गेला नाही. मालकांनी पेढे वाटले.

कलम ४. फारकतीनंतर दीड वर्षाने, एकाहत्तरच्या श्रावणात, मला मुलगी झाली. वृषाली. ती चार वर्षांची असताना सिलिंगच्या चौकशीला माणसे येणार असा निरोप आला. मी वेगळ्या चुलीवर राहते असे दाखवता आले असते, पण फारकतीनंतरची पोर घरात दिसली असती तर फारकत खोटी ठरली असती. मालक म्हणाले, "आठ दिस काष्टीला ठेवू." काष्टीला माझा भाऊ छगन. मी तिला एस.टी.त बसवून नेऊन सोडले. चौकशी एकदा झाली, मग दुसऱ्यांदा होणार म्हणत दोन वर्षे गेली. छगनने तिला शाळेत आपली मुलगी म्हणून घातले. पुढच्या दिवाळीला गेले तर ती मला आत्या म्हणाली. मला रडू आले नाही. अजूनही येत नाही, काय झाले आहे कोण जाणे. आता तिला सगळे माहीत आहे, तरी आत्याच म्हणते. माझी तक्रार नाही.

कलम ५. बावीस एकर मी वृषालीला देते. वकील म्हणाले, भाची लिहा, जमीन बिनबोभाट तिला मिळेल. मुलगी लिहिले तर फारकत खोटी होती हे तुम्हीच लिहून दिल्यासारखे होईल, सरकार जमीन काढून घेऊ शकते. गहिनीनाथ म्हणाला, "आये, एका शब्दापायी माझीबी जमीन घालवशील. भाची लिही की." तीन दिवस विचार केला. जमिनीसाठी पोर दिली. आता पोरीसाठी जमीन गेली तर जाऊ दे.

म्हणून लिहिते: वृषाली ही माझी व मयत गोरक्षनाथ धांडे यांची पोटची मुलगी आहे. ती भाची नाही. सरकारने नेऊन जे उरेल ते तिचे. काही उरले नाही तरी हे कलम खोडू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही करते.

मालनबाई धांडे
धांडेवस्ती, ता. १४ नोव्हेंबर १९९६

साक्षीदार:
१. इब्राहिम शेख, शेजारी. सही.
२. रंगुबाई, सुईण, वय अंदाजे ऐंशी. डाव्या हाताचा अंगठा. कशाची साक्ष देता असे विचारल्यावर म्हणाल्या, "ह्याच घरात पोरीची नाळ म्या कापली. गोरक्षनाथ दाराशी हुबा हुता. लिही."