सप्तपर्णीचा बहर वसुबारसेपर्यंत राहू देणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
महानगरपालिका, नागपूर.

विषय : विठ्ठल मंदिरासमोरील सप्तपर्णीची छाटणी तीन दिवस पुढे ढकलणेबाबत.
संदर्भ : छाटणीकरिता रहिवाशांनी दिलेला अर्ज (पहिली सही माझीच).

महोदय,

सविनय निवेदन की, सप्तपर्णी फुलली की दर शरदात माझे डोळे लाल होऊन खाजतात व पाणी थांबत नाही. नेत्रतज्ज्ञ डॉ. हिमानी यांनी डोळे चोळू नका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बाहेर गॉगल लावा, थेंब टाका असे बजावले आहे. हे सर्व माझी पत्नी कांताबाई करवून घेत असे. पण कीर्तन माझ्याने चुकवले जात नाही, आणि मंडप नेमका त्याच झाडाखाली.

२. मागील शरदात प्रेमानंदबुवांनी भर कीर्तनात माझ्याकडे बोट केले, "पाहा, याले म्हणतात प्रेमाश्रू!" मी उभा राहून सांगितले, "बुवा, ॲलर्जी आहे." बुवा म्हणाले, "खरा भक्त लपवतेच!" तेव्हापासून लोक माझ्या पाया पडतात. कांताबाई म्हणायची, "देवासाठी रडता, माह्यासाठी कांदाबी कापत नाही."

३. कांताबाई यंदा वैशाखात वारली. तेव्हा झाडाला फूल नव्हते. माझे डोळे कोरडेच राहिले. दहाव्याला तिची धाकटी बहीण रुखमाबाई सर्वांदेखत म्हणाली, "भाऊजी, देवळात घागरीनं सांडता, अन् माह्या बहिणीले एक थेंब नाही?" जेवतो, झोपतो, टाळ वाजवतो. आत काही हालत नाही.

४. येत्या वसुबारसेला, दि. १७ रोजी, कांताबाईच्या नावाने त्याच मंडपात कीर्तन ठेवले आहे. रुखमाबाई सावनेरहून येणार आहे. आपली माणसे मात्र १५ तारखेलाच कुऱ्हाडी घेऊन येत असल्याचे समजते.

५. तरी छाटणी १८ तारखेला करावी, ही विनंती. थेंब मी बंद केले आहेत. गॉगल घरीच ठेवीन. त्या दिवशी कोणी विचारलेच, तर या खेपेला ॲलर्जी म्हणणार नाही. पांडुरंगाच्या दारात खोटे होईल, ते माझ्या माथी. नंतर झाड खुशाल छाटावे. पहिल्या अर्जावरची सही मी मागे घेत नाही.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
रुपराव चिंधुजी गोमासे
मानेवाडा, नागपूर
दि. १० ऑक्टोबर २०२५

सोबत : डॉ. हिमानी यांच्या चिठ्ठीची प्रत, डोळ्यांच्या आजाराचा पुरावा म्हणून.
दुःखाचा दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो ते न कळल्यामुळे जोडता आला नाही.