अप्पांचा चष्मा आणि एकशे एक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता येईल तेवढाच.) तुझे गुडघे आणि भावोजींचं पित्त कसं आहे? पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंबरोबर पाठवतोय, त्या उद्याच तुमच्या गावी निघाल्या आहेत. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू फक्त "किती?" एवढंच विचारतेस आणि आकडा ऐकून ठेवून देतेस. आधी मुद्द्याचं सांगतो: अप्पा ठणठणीत आहेत. परवापासून तुझ्या फोनवर एकशे एक ताप दिसतोय, तरीही आहेत. त्यांना न्यायला म्हणून रविवारचं तिकीट काढलं आहेस, ते कृपा करून रद्द कर.

तू पाठवलेल्या चष्म्याबद्दल माझी तक्रार नाही. न टोचता, न चिकटवता, नाकाजवळच्या मसुराच्या दाण्याएवढ्या यंत्राने माणसाच्या डोळ्याचा कोपरा बघत राहायचं आणि मिनिटामिनिटाला ताप तुझ्या-माझ्या फोनवर कळवायचा, ही युक्ती काढणाऱ्याचं कौतुकच आहे. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचा ताप परत चढला तर वेळेत कळावा, हेही मान्य. फक्त त्या युक्तीवाल्याने घड्याळजी पाहिलेला नसावा. अप्पांनी पन्नास वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडली. भिंग आणि चष्मा एका डोळ्यावर मावत नाहीत, आणि दोघांत मान कोणाचा हा प्रश्न अप्पांना पडलासुद्धा नाही. पहिल्याच दिवशी चष्मा काढून टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला. दिव्याने चष्मा तापला, तुझ्याकडे एकशे सहा आलं आणि तू तिथून इथे रुग्णवाहिका धाडलीस. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढून आली (आपला जिना तुला माहीत आहे; वळणावर स्ट्रेचर अडकलं आणि खालून ढकलायला मीच होतो), तर रुग्ण ओठात स्क्रू धरून कामात. अप्पांनी त्यातल्या एकाचं मनगट धरलं, "सात मिनिटं मागे आहे" म्हणाले आणि घड्याळ ठेवून घेतलं. ते अजून इथेच आहे. दुसऱ्या दिवशी मी दिवा नको म्हटलं, तर त्यांनी चष्मा खिडकीच्या खिळ्याला टांगला. तुझ्याकडे एकोणऐंशी. तू रडत फोन केलास, "अप्पा गेले का रे?" तो फोन अप्पांनीच उचलला होता.

त्यावर तू म्हणालीस ते रास्तच होतं: आणखी एक आकडा वेडावाकडा आला तर अप्पांना कायमचं तुझ्याकडे नेणार. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. "तिच्या घरात एकच घड्याळ, तेही बॅटरीवर. मी तिथे काय करू?" एवढंच म्हणाले आणि हत्यारं पुसून डब्यात भरायला लागले. मला ते बघवलं नाही.

पुढचे नऊ दिवस आलेख कसा सुतासारखा सरळ होता ते तू पाहिलंस. "मनावर घेतलं की जमतं ना?" म्हणून माझी पाठही थोपटलीस, आयुष्यात पहिल्यांदा. त्या नऊ दिवसांत तू एकेचाळीस वेळा विचारलंस, "चष्मा घातलाय ना?" मी एकेचाळीस वेळा म्हटलं, "घातलाय." सकाळी अप्पांची औषधं, अंघोळ, डबा, मग ऑफिस, परत आलो की त्यांचा वाफारा, स्वयंपाक, भांडी आणि मधेमधे तुझे फोन. नाकी नऊ आलेत, पण ते असो. परवा बिघडलंय ते यंत्र. यंत्र म्हटलं की कधीतरी बिघडायचंच. तू येण्याचे कष्ट घेऊ नकोस.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. यंत्र बिघडलेलं नाही. अप्पा जेवले नाहीत त्या दिवसापासून चष्मा माझ्या नाकावर आहे. ऑफिसात साहेबांनी विचारलं, नवीन का? मी म्हटलं, वडिलांचा. त्यांनी उठून माझा खांदा थोपटला, आणि संध्याकाळपर्यंत सगळा विभाग एकेक करून माझा हात दाबून गेला. खुलासा करण्याइतकं त्राण नव्हतं.

ता. क. २. तेव्हा एकशे एक कोणाचा ते तुझ्या लक्षात आलं असेलच. घाबरू नकोस, अप्पांच्या खोलीत मी तोंडाला फडकं बांधून जातो. परवापासून तू मिनिटामिनिटाला माझा ताप बघते आहेस आणि मला कसं वाटतंय हे काही विचारलेलं नाहीस. तुझा दोष नाही, मीच लपवलं. थकलोय गं. तिकीट अजून रद्द केलं नसशील तर राहू दे.

(यापुढचं अक्षर अप्पांचं)

चि. ताईस आशीर्वाद. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. चष्मा कोणाच्या नाकावर आहे ते मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. मी म्हातारा आहे, आंधळा नाही. दुपारी हा झोपला तेव्हा कपाळावर हात ठेवून पाहिला. एकशे दोन. तुमचं यंत्र एक अंश मागे आहे. नाकावरून काढून घेतलं आहे आणि आता उघडतो आहे, तेव्हा फोनवर काही आलं तर लक्ष देऊ नकोस. खालच्या डॉक्टरांना निरोप धाडला आहे. रविवारी ये. मला न्यायला नको, याला चार दिवस निजता यावं म्हणून ये. तोवर त्याच्या कपाळावर हात मी ठेवतो.