टेकडी तुझी होती, इंदू

प्रिय इंदू,

आज दुपारी सुभेदार येऊन गेले आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. म्हणून लिहायला बसलो. तुला जाऊन वर्ष होत आलं. मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोललो, पण ही एक गोष्ट टाळत होतो.

आठवतं तुला? लढाई ऐन भरात होती आणि आपल्या नगरच्या रस्त्यावरून रणगाडे धडधडत जायचे. फळीवरची भांडी वाजायची. आळीतल्या बायका कानांवर हात ठेवायच्या आणि तू खिडकीत! "अहो, यातल्या कुणी कुठं जायचं हे आधी ठरवतात कसं?" मी शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर, पण मला सांगता आलं नाही. "मग आपणच मांडून बघू या की," म्हणालीस.

आणि मांडलंसही! रद्दी भिजवून, त्यात मेथी वाटून घालून लगदा केलास आणि पालथ्या पातेल्यांवर थापून त्याच्या टेकड्या केल्यास. हळद आणि नीळ मिसळून त्यांना हिरवा रंग दिलास. वाळक्या घोसाळ्याची जाळी फाडून झाडं, जुन्या लुगड्याच्या निळ्या काठाची नदी. शाडूचे शिपाई तेवढे मी केले, तेही वाकडेतिकडे.

चालीवरून आपलं भांडण झालं होतं. मी म्हटलं, घोडेस्वार एका चालीत एक वीत जाईल. "कुणाची वीत? तुमची की माझी?" म्हणत तू सुतळीचे दोन तुकडे कापलेस, आखूड पायदळाला आणि लांब घोडदळाला. गोळी लागली की नाही, ते कवड्या टाकून ठरवायचं. आणि शत्रू दिसतो का हे बघायला तू चक्क जमिनीला गाल लावायचीस. "शिपायाला दिसत नाही, तर गोळी नाही!" मी हसायचो. जिंकायचीस मात्र तूच.

पुढे रविवारी माझे शाळेतले सोबती खेळायला येऊ लागले आणि तू आपोआप स्वयंपाकघरात गेलीस. आपोआप? नाही ग. मीच कधी "तूही बस खेळायला" म्हटलं नाही.

अशाच एका रविवारी पेन्शनीच्या कामाला आलेले सुभेदार कुणाबरोबर तरी आपल्याकडे आले. जामखेडकडचा रांगडा माणूस, खरी लढाई पाहिलेला. माझे घोडेस्वार त्यांनी टेकडीखाली असे अडकवले की मला पुढची चाल सुचेना. तेवढ्यात तू आतून हाक मारलीस, "जरा डबा काढून द्या हो." आत आलो तर हळूच म्हणालीस, "टेकडी सोडा. नदीच्या अंगानं जा. तिकडून त्यांना तुम्ही दिसणार नाही."

मी जिंकलो. सुभेदारांनी पाठ थोपटली. "मास्तर, लई झ्याक! ह्ये समदं डोस्कं कुनाचं?"

"माझंच," मी म्हणालो. तू पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होतीस.

काहीच का बोलली नाहीस? चिडायचंस तरी! "पोहे गार होतील," एवढंच म्हणालीस. त्यानंतर मी दोनदा डाव मांडला. एकदा तुझी कंबर दुखत होती, एकदा पापड लाटायचे होते. मग विषमज्वरानं तुला धरलं. तापात तुझ्या अंथरुणाशी टेकड्या आणून ठेवल्या, तर तू मानेनंच नको म्हणालीस आणि कूस बदललीस. का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणूनच ना?

आज सुभेदार म्हणाले, "आमच्या गावात पेन्शनीत निघालेलं चार गडी हायेत, नुसतं बसून असत्यात. तुमचा खेळ द्या शिकवून." मी सांगू लागलो आणि अडलो. टेकडी चढताना सुतळी निम्मी का धरायची, दोन शिपाई एकाच झाडाआड चालतील का... तू असतीस तर सांगितलं असतंस. शेवटी म्हणालो, "सुभेदार, हा खेळ माझा नाही. माझ्या बायकोचा. त्या दिवशीची चालही तिचीच."

त्यांनी हातातला शाडूचा शिपाई खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग मी तुमच्याशी हरलोच न्हाई की." आणि जाता जाता, पायात वहाणा सरकवताना विचारलं, "पर मास्तर, त्यान्ला कवा समूर बशिवलं न्हाई व्हय तुमी?"



येत्या रविवारी मंडळी जमली की सगळ्यांसमोर सांगेन, तुझं नाव घेऊन. आपली कुसुम आता आठ वर्षांची झाली. परवा ती एकटीच जमिनीवर पालथी पडून शिपायांकडे बघत होती. मी आलो तशी दचकून उठली, जणू काही चुकलंच तिचं. रविवारी तिला आत पाठवणार नाही. माझ्यासमोर बसवीन, पहिली चाल तिला देईन. आणि हरलो, तर कुणाकडून हरलो ते मोठ्यानं सांगेन.

तुझा,
भास्कर