शिफारशीचा ड्रायव्हर

गुरुवार, संध्याकाळ

डोकं भणाणलंय. संगणकातल्या लिनक्सने आपणहून शिफारस केली म्हणून पडद्यावरची चित्रं चालवणारा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर घातला. केळीच्या वाडीतली सवय नडली. घड उतरला की जुनी केळ तोडून बुंध्याशी फुटलेल्या पिलाला वाव द्यायचा, तसा जुना ड्रायव्हर पुसून टाकला. आता आमच्या हिचा मोटारशर्यतीचा खेळ लावला की पडदा काळाठिक्कर! नव्याला म्हणे आमचं जुनं ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मग शिफारस कशाला केलीत, मेल्यांनो?

गुडघ्यांमुळे ही घरातच. चंदनसारला दिलेल्या लेकीशी रोज इंटरनेटवरून शर्यत, तेवढीच मोकळीक. जावईबापू फोनवर हसले, "बाबा, लिनक्स सोडा आता." का सोडू? शिफारस करणाऱ्याने निस्तरावं!

हिने फोन घेतला. लेकीला म्हणाली, "अगं, माझी गाडी आज गॅरेजात आहे. तू एकटीच पळव."

माझं नावही काढलं नाही. त्यामुळे माझा मलाच जास्त राग आला.