शालुकडांग्याचा हिरवा

३ फेब्रुवारी १९५४, डमडम

आज शरत्‌बाबूंनी माझा नकाशा सगळ्या हॉलभर फिरवला! "बघा, वृंदाचा रंग किती सपाट!" नकाशे रंगवणारी मी एकटीच मुलगी, त्यातून मराठी. अंगावर मूठभर मांस चढलं.

दलदल उपसून दुपिकी केलेली जमीन हिरवी, बाकीची कोरी — एवढंच काम. पण देशाला पुरेल इतकं धान्य कुठे पिकेल, ते दिल्लीत यावरून ठरतं. शरत्‌बाबू आमचे साहेब, तरी मोजणी तपासायला स्वतः चिखल तुडवतात. असा साहेब शोधून सापडायचा नाही.

५ फेब्रुवारी

चूक झाली आहे. माझीच.

ओला रंग मध्येच थांबवला की डाग धरतो, म्हणून कुंचला नकाशातल्या बांधाच्या रेषेपर्यंत न उचलता ओढायचा. त्या ओढीत शालुकडांगा गावाची दलदलही हिरवी झाली — चाळीस बिघे! सुबक दिसली, म्हणून तशीच ठेवली. कौतुक झालं ते नेमकं तिचंच. नकाशा सोमवारी जाणार. गाव हिरवं दिसलं की तिथे मदतीला येणारा सरकारी तांदूळ बंद! आणि सांगितलं तर माझी नोकरी बंद.

६ फेब्रुवारी

शरत्‌बाबूंना सांगून टाकलं. ओरडले नाहीत. "उद्या बराकपूरची गाडी पकडू. तुमच्या बाबांनाही घेऊन या."

७ फेब्रुवारी, रविवार

बराकपूरहून बस, पुढे तिघंही पायी. बाबा बांधावरच थांबले. शरत्‌बाबू मात्र धोतर खोचून सरळ पाण्यात — गुडघाभर! या वयात! तिथे एक बाई कमळाचे कंद उपटत होती. "एखन एइ खाइ, दिदी," म्हणाली. सध्या हेच खातो. मला तिच्याकडे बघवेना.

८ फेब्रुवारी

हिरवा रंग त्यांनी स्वतः पात्याने खरवडला. कागदावर व्रण राहिला. त्याच्याशेजारी दुरुस्तीची सही केली, तीही स्वतःची. माझं नावसुद्धा नाही! काय माणूस आहे! मला रडूच आलं.

९ फेब्रुवारी

शेवटी विचारलंच — रागावला कसे नाहीत?

त्यांनी पेन्सिल तासायला घेतली. मग म्हणाले, "त्रेचाळीस साली, दुष्काळात, सरकारी अहवालात आमच्या गावापुढे 'धान्य पुरेसं' असं मीच लिहिलं होतं. गावी न जाता, मागच्या वर्षीचेच आकडे उतरवले. आई तिथेच होती."