काट्यानं दाबलेला कानोला

माय, आज सकाळपासून मी कालझोने करते आहे, इटलीचे ते भाजलेले कानोले. तू असतीस तर ओट्याला टेकून उभी राहिली असतीस आणि माझ्या प्रत्येक घडीला नाव ठेवलं असतंस. ठेव खुशाल. तीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेली सिस्टर आहे मी, असल्या बोलण्यानं मी आता घातलेली घडी उलगडत नाही. शिवाय माझं पीठ तुझ्यापेक्षा हलकं होतं. बाजारात यीस्टची पुडी मिळते, घरात ओव्हन आहे. तू यातलं काहीच नसताना जे केलंस त्याच्या जवळपास मी पोचते, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

बाबा गेल्यावर तुला वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या पाहुण्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालं. मी अकरावीत होते. वीजकेंद्राचं काहीतरी नवं यंत्र बसवायला इटलीचा एक साहेब आला होता. पंधरा दिवस वरण-भात खाऊन तो वाळला आणि एका दुपारी थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. हवेत बोटानं गोल काढला, मधोमध दुमडला, कडा चिमटीनं दाबल्या आणि म्हणाला, "कालझोने." तू माझ्याकडे पाहिलंस आणि निर्धास्त म्हणालीस, "कानोले मांगून राह्यला बिचारा. त्याची माय करत असन." माझं शाळेतलं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी सारखंच कच्चं, त्यामुळे तुला अडवायला कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू खोबरं, साखर, विलायची घालून करंजीसारखे डझनभर कानोले तळलेस. साहेबानं एक तोंडात घातला, डोळे मोठे केले, मग आणखी दोन खाल्ले. चौथ्याच्या आधी त्यानं खिशातून कागद काढला आणि त्यावर टमाटर काढून दाखवला.

मग तू हट्टाला पेटलीस. फाडलेल्या दुधाचा चुरा, टमाटर, लसूण, वरून तुझा सांभार, म्हणजे मूठभर कोथिंबीर. भाजायला घमेल्यात रेती तापवायची, आत ताटली, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर निखारे. सारं जमलं, पण पीठ फुगेना. कुणीतरी सांगितलं की शिंदीनं, झाडाच्या त्या आंबलेल्या ताडीनं, फुगतं, तर तू दुधाच्या बरणीत शिंदी घेऊन क्वार्टरच्या रांगेतून भरदिवसा आलीस. पंचशील म्हणणारी बाई आणि हातात शिंदी! शेजारच्या काकूंनी दारातच गाठलं तेव्हा तू पाऊलसुद्धा न थांबवता म्हणालीस, "मी नाई पेत, पीठ पेते." संध्याकाळपर्यंत पीठ पातेल्याबाहेर आलं होतं. मी त्या दिवशी इतकी हसले की पोट दुखलं.

साहेबानं कडा काट्यानं दाबायला शिकवलं. जेवायचा तो चार दातांचा काटा, कडेवरून टिक टिक दाबत न्यायचा, झालं काम. मला ते फार आवडलं. मी एक तसा दाबला आणि तू माझ्या हातावर चापट मारलीस. "आळशाची शिवण हाय ते. बोटं कायले देल्ले तुले? मुरड घाल." मग तू कडेला चिमटीत धरून, वळवून, पुन्हा दाबून अशी वेणी घातलीस की साहेब बघत राहिला. आजी सांगायची, सासरी निघालेल्या लेकीच्या डब्यात मुरडीचा कानोला दिला की लेक मुरडून माहेरी येते. धम्म घेतला तेव्हा आपल्या घरातून देव गेले, उपासतापास गेले. मुरड तेवढी तुझ्या बोटांत राहिली. मी तुला चिडवायला विचारलं होतं, हे कसं चालतं? तू म्हणालीस, "त्याच्यात काई नाई. सारण सांडत नाई, एवढंच."

बारावीनंतर मला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली. घरात आपण दोघीच, त्यामुळे लोक तुला विचारायचे, एकुलती पोर पाठवून तू काय करशील. तू सगळ्यांना एकच उत्तर द्यायचीस, की झोप काढीन. निघायच्या सकाळी तू घमेलं पेटवलंस, डबा भरलास, चंद्रपूरच्या स्टँडवर मला एसटीत बसवलंस आणि म्हणालीस, "जाय. मांगं पाहू नको." मी पाहिलं. तू पाठ फिरवून चालायला लागली होतीस. वरोरा गेल्यावर मी डबा उघडला. दोन कालझोने होते आणि दोन्हींच्या कडेला काट्याच्या रेघा होत्या. मुरड नव्हती. माय, मला तेव्हा खरंच वाटलं की तुला मी नको झाले आहे, नाहीतर निदान या दिवशी तरी आळस केला नसतास. रागानं मी डबा बंद केला. जांब आल्यावर भूक लागली आणि दोन्ही खाल्ले, ते सोड.

दीड महिन्यानं वॉर्डात माझ्यासमोर पहिला पेशंट गेला. मी तुला पत्र टाकलं की मला हे जमत नाही, मी परत येते. उत्तर आलंच नाही. रविवारी तूच होस्टेलच्या फाटकाशी उभी, हातात डबा. उघडून पाहते तर पुन्हा काट्याच्या रेघा. मी तिथेच तुझ्यावर उखडले.

"मुरड घालायलेही वेळ नाई भेटत का तुले?"

"वेळ होता."

"मंग काऊन नाई घातली?"

तू पदर नाकाला लावलास. "घातली असती तं तू मुरडली असती. मले तू मुरडायले नको होती."

"तूच तं म्हणतं, त्याच्यात काई नाई."

"नाईच हाय," तू म्हणालीस. "पन मी कायले धोका घेऊ?"

मी शिक्षण सोडून घरी परत आले नाही, हे तुला माहीत आहे. पुढची सगळी वर्षं, तू जाईपर्यंत, मी सुटीला आले की निघताना डब्यात काट्याचाच कानोला असायचा आणि मी तो हसत न्यायची. नोकरी, घर, माझा हा ताठ कणा, सगळं त्या रेघांवर उभं आहे असं मी लोकांना सांगते. त्यांना वाटतं मी गंमत करते.

उद्या माझी लेक परदेशी निघाली आहे, दोन वर्षं शिकायला. तिथं यापेक्षा चांगले कालझोने मिळतील, पण तिला घरचे हवेत, सांभार घातलेले. काटा मी कालच काढून ठेवला होता. हे पत्र लिहून झालं की पिठाच्या डब्याखाली जाईल, दुसरीकडे कुठं जाणार? पण एक कबुली देते. पाच मी काट्यानं दाबले, अगदी तुझ्यासारखी ताठ उभी राहून. सहाव्याच्या वेळी बोटं आपोआप वळली असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. मी मुद्दाम मुरड घातली. लेक मागं उभी होती. तिनं विचारलं, हा एकच असा वेगळा का?

म्हटलं, त्याच्यात काई नाई. सारण सांडत नाई, एवढंच.